प्रश्न तुमचे: मेंदूचा ब्रेक आणि कॅल्शियम

मेंदूतले रोधक सिनॅप्स, म्हणजे पुढच्या पेशीला गप्प करणाऱ्या जोडण्या, आणि तिथलं कॅल्शियमचं काम यावर आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. काही प्रयोगशाळेतले आहेत, काही औषधांच्या दुकानातले. उत्तरांची लांबी त्याप्रमाणे कमीजास्त आहे.

प्रश्न : अकरावी-बारावीच्या पुस्तकात सिनॅप्सची आकृती अॅसिटिलकोलीनची असते. आवेग आला, कॅल्शियम आत शिरलं, पुटिका (रसायन भरलेल्या सूक्ष्म पिशव्या) फुटल्या, पुढची पेशी उत्तेजित झाली. रोधक सिनॅप्सला कॅल्शियम नको असतं का? की तिथे ते उलटं काम करतं?
(जीवशास्त्राचे शिक्षक, सांगली)

उलटं काही नाही. कॅल्शियमचं काम दोन्हीकडे एकच: पुटिकेतला माल बाहेर काढणं. माल कोणता आणि तो घेणारा ग्राही (पुढच्या पेशीवरचं प्रथिन) कोणता, यावर पुढचा परिणाम ठरतो. रोधक पेशीत ग्लुटामेटपासून (हे स्वतः उत्तेजक रसायन) गाबा हे गप्प करणारं रसायन तयार होतं. ते काम जीएडी नावाचं विकर करतं आणि त्याला बी-६ जीवनसत्त्व लागतं. मग व्हीगॅट नावाचा वाहक तो गाबा पुटिकांमध्ये भरतो. पलीकडचा गाबा-ए ग्राही हा स्वतःच क्लोराइडची वाहिनी असतो. तो उघडला की पुढच्या पेशीला आवेग सोडणं अवघड जातं. मज्जारज्जूत आणि मेंदूच्या देठात हेच काम बऱ्याच ठिकाणी ग्लायसीन करतं.

आता आकडे पाहा, कारण सगळी गंमत त्यांच्यात आहे. पेशीबाहेर मुक्त कॅल्शियम साधारण १.२ मिलिमोलर असतं. आत, विश्रांतीच्या वेळी, ५० ते १०० नॅनोमोलर (नॅनोमोलर म्हणजे मिलिमोलरचा दहा लाखावा हिस्सा). म्हणजे फरक दहा हजार पटींहून जास्त. आवेग चेतातंतूच्या टोकापर्यंत पोचला की तिथल्या कॅल्शियम वाहिन्या उघडतात आणि प्रत्येक उघड्या वाहिनीच्या तोंडाशी, शंभराहून कमी नॅनोमीटरच्या टापूत, कॅल्शियम क्षणभर दहा ते शंभर मायक्रोमोलरपर्यंत चढतं. वाहिनी मिटली की हा ढग मिलिसेकंदाच्या आत विरतो. तेवढ्या वेळात पुटिकेवरच्या सिनॅप्टोटॅग्मिन या प्रथिनाला कॅल्शियम चिकटलं पाहिजे. ते चिकटलं की आधीच अर्धवट गुंफून ठेवलेली स्नेअर प्रथिनं पुटिकेचं आणि पेशीचं पटल एकमेकांत मिसळवतात. वर्गात सांगताना ‘पुटिका फुटते’ हा शब्द टाळलेला बरा. ती फुटत नाही, पटलाशी एकरूप होते आणि आतला माल बाहेरच्या फटीत सांडतो.

एक गोष्ट मात्र मुलांना जरूर सांगा. १९६७ साली डॉज आणि रहामिमॉफ यांनी बेडकाच्या चेता-स्नायू जोडणीवर दाखवलं की कॅल्शियम कमी असताना स्राव (माल सुटण्याचं प्रमाण) कॅल्शियमच्या साधारण चौथ्या घाताने बदलतो. कॅल्शियम निम्मं झालं की स्राव निम्मा होत नाही, सोळाव्या हिश्श्यावर येतो. एका पुटिकेसाठी अनेक कॅल्शियम आयन एकाच वेळी जागेवर हजर असावे लागतात, हा त्याचा अर्थ. म्हणूनच टोकातलं सरासरी कॅल्शियम किती हे फारसं महत्त्वाचं नसतं. वाहिनी आणि पुटिका यांच्यात अंतर किती, हे महत्त्वाचं.

प्रश्न : हिपोकॅम्पस या मेंदूच्या स्मृतीशी निगडित भागातल्या दोन प्रकारच्या बास्केट पेशींची (एक जातीच्या रोधक पेशी) तुलना वाचली. एकीत पार्व्हाल्ब्युमिन हे प्रथिन असतं, दुसरीत सीसीके (कोलेसिस्टोकायनिन). दोघी गाबाच सोडतात, दोघी पिरॅमिडल पेशीच्या (तिथली मुख्य उत्तेजक पेशी) धडाभोवतीच जाळं विणतात. मग दोन कशाला? आणि इजीटीए व बाप्टा वापरून ‘अंतर मोजलं’ असं लिहिलेलं असतं, ते नेमकं कसं?
(एमएस्सीची विद्यार्थिनी, पुणे)

दुसरा भाग आधी घेऊ, म्हणजे पहिला सोपा होईल.

इजीटीए आणि बाप्टा दोन्ही कॅल्शियम पकडतात आणि पेशीच्या पीएचला दोघांची पकड जवळजवळ सारखीच घट्ट असते. फरक वेगात आहे. बाप्टा चाळीस किंवा त्याहून अधिक पटींनी जलद पकडतो. इजीटीएच्या रेणूला या पीएचवर प्रोटॉन चिकटलेले असतात. ते सुटल्याशिवाय कॅल्शियमला जागा होत नाही, म्हणून तो मंद. वाहिनी आणि पुटिकेवरचा संवेदक (वर आलेलं सिनॅप्टोटॅग्मिन) १०-२० नॅनोमीटरवर असतील, तर इजीटीएने पकडण्याआधीच कॅल्शियम संवेदकापर्यंत पोचलेलं असतं. बाप्टा मात्र वाटेतच गाठतो. अंतर शंभर नॅनोमीटर किंवा जास्त असेल तर इजीटीएलाही पुरेसा वेळ मिळतो. तेव्हा नियम असा: बाप्टाने स्राव पडला आणि इजीटीएने हलला नाही, तर वाहिनी-पुटिकेची जोडणी घट्ट, म्हणजे अंतर कमी. दोघांनीही पडला, तर सैल. नॅनोमीटरचा आकडा थेट मोजलेला नसतो. वेगवेगळ्या सांद्रतेला स्राव किती घटला त्यावरून गणिती प्रतिमान बसवून तो काढलेला असतो, हे वाचताना ध्यानात ठेवा.

पार्व्हाल्ब्युमिनवाल्या पेशीत १० मिलिमोलर इजीटीए घातला तरी पहिल्या आवेगाचा स्राव फारसा ढळत नाही. चेताशास्त्रज्ञ पीटर योनास यांच्या गटाने २००८ साली हिपोकॅम्पसच्या डेंटेट भागात हे अंतर १०-२० नॅनोमीटर असल्याचं दाखवलं आणि २०१० साली एका पुटिकेसाठी दोन-तीनच वाहिन्या उघडाव्या लागतात हेही. या पेशीच्या टोकाशी पी/क्यू जातीच्या कॅल्शियम वाहिन्या असतात. फायदा तिहेरी: स्राव लवकर होतो, त्याची वेळ नेमकी असते आणि कॅल्शियम कमी शिरल्यामुळे ते बाहेर काढायला ऊर्जाही कमी लागते. सेकंदाला ३० ते ८० आवर्तनांच्या गॅमा लयीत शेकडो पेशींना एका ठेक्यात धरायचं तर एवढा नेमकेपणा लागतोच.

सीसीकेवाल्या पेशीत वाहिन्या एन जातीच्या आणि अंतर जास्त. सेकंदाला ५० आवेगांची मालिका दिली की तिचा स्राव मालिका थांबल्यावरही शेकडो मिलिसेकंद ठिबकत राहतो. इजीटीए घातला की हा उशिराचा भाग सर्वांत आधी जातो. त्यामुळे ही पेशी ठेका धरत नाही, सलग दाब ठेवते. दोन प्रकार कशाला, याचं उत्तर हेच. एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

पार्व्हाल्ब्युमिन स्वतःही कॅल्शियम पकडणारं प्रथिन आहे, पण इजीटीएसारखं मंद, कारण विश्रांतीत त्याच्या जागा मॅग्नेशियमने अडवलेल्या असतात. पहिल्या स्रावाला ते हात लावत नाही, मागे उरलेलं कॅल्शियम तेवढं गोळा करतं. हे प्रथिन नसलेल्या उंदरांच्या अनुमस्तिष्कात, आंतरपेशी (जवळच्या पेशींना जोडणाऱ्या छोट्या रोधक पेशी) आणि पुरकिन्ये पेशी (तिथल्या मोठ्या पेशी) यांच्या सिनॅप्सवर, पाठोपाठच्या दोन आवेगांतला दुसरा प्रतिसाद लहान होण्याऐवजी मोठा होतो.

तुम्ही स्वतः हा प्रयोग करणार असाल तर तीन खड्डे सांगून ठेवतो. इजीटीए आम्लात विरघळत नाही. पोटॅशियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालून विरघळवा आणि शेवटी पीएच ७.३ ला परत तपासा, कारण कॅल्शियम पकडताना तो प्रोटॉन सोडतो. दुसरं, नुसता १० मिलिमोलर इजीटीए घातला की पेशीतलं विश्रांतीचं कॅल्शियमही खाली जातं आणि घट कशामुळे झाली ते कळत नाही. म्हणून पिपेटच्या (पेशीला जोडलेल्या बारीक काचनळीच्या) द्रावणात हिशेबाने कॅल्शियमही घालून मुक्त प्रमाण १०० नॅनोमोलरच्या आसपास राखतात. तिसरं, इजीटीए-एएम (इजीटीएचं पटल ओलांडून आत शिरणारं रूप) बाहेरून दिलं तर प्रयोग सोपा होतो, पण आत किती साठलं ते कधीच कळत नाही आणि ते पलीकडच्या पेशीतही शिरतं. पेशींची जोडी पकडून आधीच्या पेशीत पिपेटने भरणं हा अवघड पण खात्रीचा मार्ग. त्यातही टोकापर्यंत पोचायला पुरेसा वेळ द्या, पाचव्या मिनिटाच्या नोंदीवर विसंबू नका.

प्रश्न : उंदराच्या मेंदूच्या चकत्यांवर रोधक प्रवाह (आयपीएससी, म्हणजे गाबा सुटल्यावर पुढच्या पेशीत वाहणारी वीज) नोंदवतो. स्राव कॅल्शियमवर अवलंबून आहे हे दाखवायला द्रावणातलं कॅल्शियम २ वरून ०.५ मिलिमोलर केलं. प्रवाह कमी व्हायला हवे होते, पण आपोआप येणारे प्रवाह वाढले! शिवाय द्रावण मधूनच दुधाळ होतं. कुठे चुकतंय?
(संशोधक विद्यार्थी, मुंबई)

दोन वेगळे प्रश्न आहेत. दुधाळपणाचा सोपा, तो आधी. कॅल्शियम फॉस्फेट किंवा कार्बोनेटचा साका बसतो आहे. बायकार्बोनेटच्या द्रावणात कार्बोजेन (९५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड) सोडण्याआधी पीएच चढा असतो; तेव्हाच कॅल्शियम घातलं की साका होणारच. आधी सोडियम क्लोराइड १२५, पोटॅशियम क्लोराइड २.५, सोडियम बायकार्बोनेट २५, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट १.२५, ग्लुकोज २५ मिलिमोलर विरघळवा. १५ मिनिटं कार्बोजेन सोडा, मग मॅग्नेशियम आणि सर्वांत शेवटी कॅल्शियम. कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे दर वेळी भुकटी तोलू नका. १ मोलरचं साठ्याचं द्रावण करून लिटरला २ मिलिलिटर घाला. ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) ३०० ते ३१५ मिलिऑस्मोलमध्ये आली की पुढे जा. कॅडमियमने कॅल्शियम वाहिन्या बंद करायच्या असतील तर फॉस्फेट आणि बायकार्बोनेट नसलेलं, हेपीस या पीएच राखणाऱ्या रसायनाचं द्रावण घ्या. नाहीतर कॅडमियम बाटलीच्या तळाशी बसेल आणि तुम्ही ‘परिणाम नाही’ असं लिहून मोकळे व्हाल.

आता प्रवाह वाढण्याबद्दल. तुम्ही कॅल्शियम काढलं, पण त्या जागी काही घातलं नाही. पेशीच्या पटलाच्या बाहेरच्या पृष्ठावर ऋण भार असतो आणि दोन भारांचे धन आयन तो झाकून ठेवतात. हे आयन कमी झाले की सोडियम वाहिन्यांना पटल आधीच अर्धं चेतवल्यासारखं ‘वाटतं’ आणि त्या कमी विभवाला उघडतात. चकतीतल्या सगळ्या आंतरपेशी जास्त आवेग सोडू लागतात. दर आवेगामागे स्राव कमी झाला असेल, पण आवेगच इतके वाढले की बेरीज वर गेली.

उपाय: कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांची बेरीज ३ मिलिमोलरवर कायम ठेवा. कॅल्शियम २ असेल तेव्हा मॅग्नेशियम १, आणि ०.५ असेल तेव्हा २.५. मॅग्नेशियम वाहिनीत कॅल्शियमची वाटही अडवतं, म्हणजे ही अदलाबदल स्रावाला दोन बाजूंनी मारते. निष्कर्ष लिहिताना तसं स्पष्ट म्हणा. आणि आपोआप येणाऱ्या प्रवाहांवर स्रावाचा निष्कर्ष काढू नका. विजेच्या धक्क्याने उठवलेले प्रवाह नोंदवा, ५० मिलिसेकंदांच्या अंतराने दोन धक्के द्या. स्रावाची शक्यता खरोखर घटली असेल तर पहिला प्रतिसाद लहान होईल, रिकामे जाणारे धक्के वाढतील आणि दुसऱ्या-पहिल्याचं गुणोत्तर वर जाईल. तिन्ही गोष्टी एका दिशेने गेल्या तरच विश्वास ठेवा. चौथ्या घाताने हिशेब केला तर घट २५६ पट यायला हवी, पण तशी ती क्वचितच येते. तो नियम कमी कॅल्शियमच्या टोकाला लागू आहे. २ मिलिमोलरला बरेच सिनॅप्स तृप्तीच्या जवळ असतात. खऱ्या मेंदूतलं प्रमाण १.२ च्या आसपास असल्यामुळे २ वर मोजलेली शक्यता मुळातच फुगलेली असते, हेही जाता जाता.

टीटीएक्स हे सोडियम वाहिन्या बंद करणारं विष (०.५ ते १ मायक्रोमोलर) घालून आवेग बंद केल्यावर जे सूक्ष्म प्रवाह उरतात, त्यांचं वागणं वेगळं. त्यातले बरेचसे बाहेरच्या कॅल्शियमवर अवलंबून नसतात. अनुमस्तिष्कातल्या रोधक टोकांमध्ये आतल्या साठ्यातून, त्या साठ्यावरच्या रायनोडीन ग्राही नावाच्या वाहिन्यांच्या वाटे, कॅल्शियम सुटतं आणि त्यामुळे मोठ्या उंचीचे सूक्ष्म प्रवाह येतात, हे २००० साली दाखवलं गेलं आहे.

तुमच्या पत्रात ग्लुटामेटचे ग्राही बंद करणारी औषधं घातल्याचा उल्लेख नाही. पिपेटमध्ये १४० मिलिमोलर सिझियम क्लोराइड असेल तर उणे ७० मिलिव्होल्टला गाबाचे प्रवाहही आतल्या दिशेने दिसतात, ग्लुटामेटचेही. ती औषधं म्हणजे एनबीक्यूएक्स (१० मायक्रोमोलर) आणि एपी-५ (५० मायक्रोमोलर) घालाच, आणि शेवटी गाबा-ए ग्राही बंद करणाऱ्या गॅबाझीनने (१० मायक्रोमोलर) सगळं सपाट होतं का ते पाहा. त्याच कामाच्या बायकुक्युलीनचे मिथिल क्षार एसके जातीच्या पोटॅशियम वाहिन्याही बंद करतात, म्हणून गॅबाझीन बरं.

प्रश्न : कॅल्शियममुळे मेंदूतलं शांत करणारं रसायन सुटतं, तर रोज कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी घेतल्याने झोप लागेल, चिडचिड कमी होईल का?
(वाचक, वय ५६, नाशिक)

नाही. रक्तातलं कॅल्शियम शरीर ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये घट्ट धरून ठेवतं. गोळीने ते फारसं हलत नाही. आणि समजा हललंच, तर उत्तेजक आणि रोधक दोन्ही सिनॅप्सना सारखंच मिळेल. हाडांसाठी डॉक्टरांनी दिली असेल तर तेवढ्यासाठीच घ्या, आपल्या मनाने डोस वाढवू नका.

कॅल्शियम फार खाली गेलं तर काय होतं, ते मात्र जाणून घेण्यासारखं आहे. ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, हात आखडून वळतात. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत शेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथींना धक्का बसला तर पहिल्या काही दिवसांत हे होऊ शकतं. लगेच डॉक्टरांना सांगायला हवं. कॅल्शियम कमी म्हणजे स्राव कमी, म्हणजे स्नायू ढिले पडायला हवेत, असं वाटेल. पण वरच्या उत्तरातल्या सोडियम वाहिन्यांचीच ही करामत. चेतातंतू आपोआप आवेग सोडू लागतात, आणि चेता-स्नायू जोडणीत स्राव गरजेपेक्षा बराच जास्त होत असल्याने थोडी घट पचून जाते. मुंबईच्या विद्यार्थ्याच्या चकत्या आणि हा वळलेला हात, दुखणं एकच.

प्रश्न : धनुर्वातात शरीर कमानीसारखं ताठ होतं. कोकणात काजऱ्याच्या बिया (कुचला) खाल्ल्यावरही तसंच होतं असं जुनी माणसं सांगतात. दोन्हींत कॅल्शियमचा संबंध आहे का?
(वाचक, सावंतवाडी)

दोन्हींत मज्जारज्जूतला ब्रेक निकामी होतो, पण वेगवेगळ्या पायरीला. धनुर्वाताच्या जंतूचं विष स्नायूजवळच्या चेतातंतूत शिरतं, उलट दिशेने वर मज्जारज्जूत पोचतं आणि तिथून पलीकडच्या रोधक पेशीच्या टोकात जातं. तिथे ते सिनॅप्टोब्रेव्हिन नावाचं स्नेअर प्रथिन कापतं. हे १९९२ साली कळलं. आवेग येतो, वाहिन्या उघडतात, कॅल्शियमही शिरतं, पण पुटिका पटलात मिसळवणारी दोरीच तुटलेली असते. ग्लायसीन आणि गाबा सुटत नाहीत, स्नायूंना ‘सोड’ म्हणणारं कुणी उरत नाही. कुचल्यातल्या स्ट्रिक्नीनची गोष्ट वेगळी: स्राव व्यवस्थित होतो, पण पलीकडचा ग्लायसीनचा ग्राहीच बंद होतो.

म्हणून रुग्णात फरक दिसतो. कुचल्याची विषबाधा सहसा तासाभरात उफाळते आणि दोन झटक्यांच्या मध्ये स्नायू ढिले पडतात. धनुर्वात जखमेनंतर बहुधा ३ ते २१ दिवसांनी, जबडा बसण्यापासून सुरू होतो आणि ताठपणा मधल्या वेळीही जात नाही. पेशीत शिरलेल्या विषापर्यंत प्रतिविष पोचत नाही. बाहेर फिरणारं तेवढं ते निकामी करतं. म्हणून उशीर महागात पडतो. गंजाशी याचा संबंध नाही. जंतूचे बीजाणू मातीत आणि शेणात असतात, खोल जखमेत हवा नसली की वाढतात. खिळा चकचकीत असला तरी इंजेक्शन टाळू नका. मुलांना १० आणि १६ व्या वर्षी टीडी (धनुर्वात-घटसर्प) लस सरकारी कार्यक्रमात मिळते, गरोदरपणातही.

प्रश्न : गॅबापेंटिन, क्लोनाझेपाम, बॅक्लोफेन ही सगळी ‘गाबा वाढवणारी’ औषधं असं ग्राहकांना सांगितलं तर चालेल का? आणि भांगेने गाबा कमी होतो असं ऐकलं, ते खरं का?
(औषधविक्रेते, कोल्हापूर)

नाही चालणार. तिघांपैकी एकही गाबाचा स्राव वाढवत नाही. गॅबापेंटिन आणि प्रीगॅबॅलिन नावापुरतीच गाबाची. ती कॅल्शियम वाहिनीच्या अल्फा-२-डेल्टा या उपघटकाला चिकटतात. क्लोनाझेपाम पलीकडचा गाबा-ए ग्राही जास्त वेळा उघडायला लावतं, अर्थात गाबा आधी सुटलेला असला तर. बॅक्लोफेन गाबा-बी ग्राहीवर काम करतं. हा ग्राही टोकावरही असतो आणि तिथल्या कॅल्शियम वाहिन्या दाबून स्राव कमीच करतो. ग्राहकाला यंत्रणा सांगण्यापेक्षा ही औषधं अचानक बंद करू नका हे सांगा; क्लोनाझेपाम आणि बॅक्लोफेन एकदम तोडलं तर झटके येऊ शकतात. क्षयाच्या आयसोनियाझिडबरोबर बी-६ दिली जाते ती मुख्यतः हातापायांच्या नसांसाठी. पण आयसोनियाझिडचा मोठा डोस पोटात गेला तर बी-६ अभावी जीएडी थंडावतं, गाबा तयारच होत नाही आणि आटोक्यात न येणारे झटके येतात. तिथे उतारा म्हणून शिरेतून बी-६च देतात.

भांगेचं ऐकलंत त्यात तथ्य आहे, पण ते ठरावीक टोकांपुरतं. पिरॅमिडल पेशी काही सेकंद चेतवली की तिच्यात कॅल्शियम चढतं, तिथे २-एजी नावाचं स्निग्ध रेणू तयार होतं आणि उलट दिशेने रोधक टोकाकडे जातं. हिपोकॅम्पसमध्ये त्याचा ग्राही, सीबी-१, सीसीकेवाल्या टोकांवर दाट असतो, पार्व्हाल्ब्युमिनवाल्यांवर जवळजवळ नाहीच. तो चेतला की एन जातीच्या वाहिन्या दबतात आणि गाबा २० ते ३० सेकंद कमी सुटतो, मग पूर्ववत होतो. शरीराची ही सोय त्या एका चेतलेल्या पेशीच्या आसपासपुरती आणि काही सेकंदांची असते. भांगेतला टीएचसी त्याच ग्राहीला चिकटतो, पण सगळीकडे एकदम आणि काही तास.